पाटीवरची मोकळी जागा

तीस वर्षं मी लोकांच्या घरातली विजेची मीटरं वाचली,
जिन्याखाली, कोळशाच्या खोलीत, टांगलेल्या कोटांमागे,
टॉर्च दातांत धरून.
आता दगड वाचते.
जावई म्हणतो, तिथला आकडा काही पुढे सरकत नाही.
मी म्हणते, एमरिस,
म्हणूनच तो नीट वाचता येतो.

पिशवीत मऊ ब्रश, पाण्याची बाटली, चीजचं सँडविच,
पावसानं फुगलेली वही
आणि इद्वलचा दाढीचा आरसा.
त्याचे शर्ट दिले, बूट दिले,
आरसा कुणी मागितला नाही.
तो दगडाच्या कडेला तिरका धरला
की कवडसा अक्षरांवरून सरपटत जातो
आणि झिजलेलं नाव
हाक मारल्यासारखं उठून बसतं.

लानवेदवेनच्या वरच्या अंगाला
चॅपलचं छप्पर गेलं, दफनभूमी राहिली.
गवताचं काम मेंढ्यांकडे.
इथले दगड म्हणजे पाट्याच,
समोरच्या डोंगरातून काढलेल्या.
पोरपणी मांडीवर घेऊन मुळाक्षरं गिरवली ती पाटी,
घरावर शाकारली ती पाटी,
खाणीत ज्यांच्या अंगावर कोसळली
त्यांच्या उशाशी उभी, तीही.
एकच दगड जन्मभर पुरवतात इथली माणसं.

विशेषणं मी उतरवून घेत नाही.
सगळे बाप प्रेमळ, सगळ्या बायका सोशिक;
मेल्या म्हशीला मणभर दूध.
मी उतरवते ते वेगळं:
जागा पुरली नाही म्हणून
ऑक्टोबरचं शेपूट वरच्या ओळीत चढवणारा कारागीर.
एक खलाशी, ज्याच्या दगडाखाली कुणीच नाही.
अकरा आठवड्यांचा ग्विलिम,
ज्याच्या एवढ्याशा दगडावर
मी आधी बसलेच होते.

आणि भिंतीलगत, आयव्हीखाली,
आयझॅक प्रथेरो, खाणकामगार, वय एकतीस.
त्याखाली: ‘तसेच त्याची पत्नी’
आणि मग काही नाही.
अर्धी पाटी
कोरायची राहिली म्हणून कोरी.

दोन हिवाळे शोधलं तिला.
चॅपलची हजेरी, वाण्याची उधारी,
अनाथालयाचं जाडजूड बाड, ज्याला ओल्या कुत्र्याचा वास.
मला वाटत होतं, भुकेनं गेली असणार.
तिच्यासाठी एक करुण वाक्य
मी आधीच रचून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक.

लाऊरी सापडली लिव्हरपूलमध्ये.
दुसरा नवरा, स्वतःचा धोबीखाना, सहा मुलं,
आणि वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी
शेजारणीच्या डोक्यावर बादली रिकामी केल्याबद्दल
पाच शिलिंग दंड.
लेखागारात मी एवढ्यांदा हसले
की समोरच्या माणसानं चष्मा काढून पाहिलं.
माझं वाक्य खोडलं.
बादलीचं लिहिलं.

इद्वलचा दगड करायला टाकला तेव्हा
त्या माणसानं विचारलं होतं,
खाली जागा ठेवू ना?
मी मान हलवली होती,
दुधवाल्याला ‘उद्या एकच बाटली’ सांगावं तशी.

काल गेले होते तिथे.
शेवाळ काढलं, त्याच्या नावातला ‘ल’ मोकळा केला.
सवयीनं आरसा निघाला पिशवीतून,
कवडसा घसरत घसरत
खालच्या मोकळ्या भागावर आला,
थोडा वेळ तिथेच थांबला.
कुणी उठून बसलं नाही.

सँडविच खाल्लं. कड मेंढीला दिली.
चार वाजता ऊन डोंगराआड जातं
आणि कुंपणाकडची ओळ
अजून सगळी वाचायची आहे.